मावशी जहाजावरची थाळ

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. दोनच प्रश्न विचारलेस: बाबा तुमच्याकडे आलेत का, आणि त्या जहाजावर असं काय घडलं होतं की त्यांनी ते आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. पहिल्याचं उत्तर, होय, तुझा बाप माझ्याकडे आला होता. नीट आला. पिशवीत घडी केलेले कपडे होते, दाढी केलेली होती, डोकं ठिकाणावर होतं. आता तो इथे नाही. एवढं वाचून तुझा जीव भांड्यात पडेल असं काही पुढे लिहायला हवं, ते मला लिहिता येत नाही. इथून तो कुठे गेला ते सांगतो, पण आधी जहाजाचं सांगू दे. ते कळल्याशिवाय हे कळायचं नाही, आणि मग तू जन्मभर आम्हा दोघा म्हाताऱ्यांना शिव्या देत बसशील. पत्र उभ्याने वाचू नकोस. खाली बस, जावईबापूंनाही जवळ बसव. मी बोलघेवडा म्हणून बंदरभर प्रसिद्ध आहे, पण आज कागदापुढे बसल्यावर नुसती शाई वाळतेय.

तू लिहितेस, आई गेल्यापासून त्यांचं फारच वाढलं होतं, जेवायला हाक मारली की ताटाकडे न येता गच्चीवर चढायचे आणि खाली यायचं नाव घ्यायचे नाहीत. जावईबापू गमतीने म्हणाले, सासरेबुवांनी तुझ्या स्वयंपाकाची धास्ती घेतली असेल. बिचाऱ्याला काय ठाऊक! भिंगरी, हे काही आजचं नाही. तू लहान असताना एकदा स्वयंपाकघरात पितळी झाकण घेऊन त्यावर पळी बडवत बसली होतीस. तुझा बाप दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच, एका हाताने तुला आणि दुसऱ्या हाताने तुझ्या आईला धरून त्याने धूम ठोकली ती थेट गच्चीवर. शेजाऱ्यांना वाटलं भूकंप झाला, तेही चढले. तुला वाटलं बाबा रागावले, तू दिवसभर फुरंगटून बसलीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने घरातलं पितळ मोडीत काढलं आणि लाकडाच्या पळ्या आणल्या. ती त्याला जेवायला कधी हाक मारायची नाही, आठवतं? जाऊन खांद्यावर हात ठेवायची. तू मला म्हणायचीस, काका, आईचं बाबांवर केवढं प्रेम! प्रेम होतंच. पण त्या हाताला आणखीही काम होतं, आणि काय ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. न विचारता तिने ते शेवटपर्यंत केलं.

जहाजाला नाव होतं, चांगलं लांबलचक, कुठल्याशा राणीचं. आम्ही तिला मावशी म्हणायचो, कारण ती कुणालाही पोटाशी घ्यायची. वरच्या मजल्यांवर पैसेवाले उतारू, खालच्या खणांत माल. कापसाच्या गाठी, कातडी, शिवणयंत्रांची खोकी, एकदा तर सर्कशीचे घोडे. वर अत्तराचा वास, खाली कच्च्या कातड्याचा, आणि मधे आम्ही, कांद्याच्या वासाचे. मी भटारखान्यात कांदे सोलायला लागलो होतो. आईबाप नव्हते, शाळा नव्हती, कान तेवढे होते. तेल तापलं की नाही ते मी पाठमोरा उभा राहून सांगायचो. जिन्यावर कप्तानाची पावलं वाजली की बायकोचं पत्र आलंय की नाही ते सांगायचो आणि मोठ्या आचाऱ्याशी लावलेली पैज जिंकायचो. तुझा बाप माझ्यापेक्षा उंच आणि देखणा, म्हणून तो वर, पांढऱ्या कोटात. जेवणाच्या वेळी उतारूंना बोलवायचं काम त्याचं. काशाची एक मोठी थाळ होती, दोरीला टांगलेली. ती एका हातात धरून, कापड गुंडाळलेल्या टोल्याने वाजवत तो बोळाबोळांतून फिरायचा. आधी हलकेच, म्हणजे बायकांनी केस सारखे करावेत. मग थोड्या वेळाने भरघोस, म्हणजे आता चलाच. त्याच्या हाताला अशी गोडी होती की बोट लागून आडवे झालेले लोकही उठून बसायचे. मोठा आचारी म्हणायचा, माझ्या रश्शात मीठ कमी पडलं तरी चालेल, ह्याच्या थाळेत भरपूर आहे.

मग युद्ध आलं. कंपनीने मावशी सैन्याला देऊन टाकली. गोदीत नेऊन तिचे दागिने उतरवले म्हण ना. आरसे काढले, गालिचे गुंडाळले, पांढऱ्या अंगावर राखाडी रंग फासला, खिडक्यांच्या काचासुद्धा रंगवल्या. खालच्या मालाच्या खणांत लांबच लांब टेबलं ठोकली, आणि त्याच टेबलांच्या वर झोपायला झोळ्या टांगल्या. जिथे जेवायचं तिथेच झोपायचं, आणि दोन्हींसाठी एका घाईघाईत ठोकलेल्या लाकडी जिन्याने खाली उतरायचं. ही गोष्ट ध्यानात ठेव. खाली इतका कोंदटपणा की पोरं दिवसभर वर डेकवर पडून असायची, पत्ते कुटायची, उलट्या करायची, घरची आठवण आली की एकमेकांच्या टोप्या पाण्यात फेकायची. खाली जायची ती फक्त थाळ वाजली की. धोक्यासाठी विजेच्या घंटा बसवल्या होत्या, जेवणासाठी थाळ तशीच ठेवली. आणि त्या पोरांनी तुझ्या बापाला नाव काय ठेवलं, सांगू? सासूबाई. जेवायला इतक्या गोड आवाजात बोलावते ती सासूच, असं त्यांचं म्हणणं. थाळ वाजली की डेकभर आरोळी उठायची, 'चला रे, सासूबाईंनी बोलावलं!' आणि जावयांची फौज ताटल्या घेऊन जिन्यावर तुटून पडायची. तुझा बाप लाजायचा, पण त्याला ते आवडायचं. मला म्हणायचा, ह्यातली किती परत येणार कोण जाणे, निदान जेवायला हसत जातात.

त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. चुलीवर भांडं ठरत नव्हतं, म्हणून जेवणाला उशीर झाला होता. पोरं भुकेने कावली होती, भटारखान्याच्या दाराशी येऊन आम्हाला शिव्या हासडत होती. आमच्या सोबतीला असलेली लढाऊ जहाजं सकाळपासून पाणबुड्यांसाठी स्फोटकांची पिंपं समुद्रात टाकत होती आणि दर थोड्या वेळाने मावशीच्या अंगावर कुणी घण घातल्यासारखा दणका बसत होता. सुरुवातीला सगळे दचकायचे, मग कुणी मानही वर करेना. त्यातच तो एक दणका बसला. दिवे गेले. दिवे रोजच जायचे. पुढच्या बाजूला सुरुंग फुटला होता हे आम्हा भटारखान्यातल्यांना कळलं नाही आणि डेकवरच्यांनाही नाही. पण वर कप्तानाला कळलं. विजेच्या घंटा मेल्या होत्या, भोंग्याची वाफेची नळी फुटली होती. मालमाला, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या साहेबाला, समोर दिसला तो तुझा बाप. साहेबाने ओरडून सांगितलं, 'थाळ घे, सगळ्यांना डेकवर काढ. जोरात वाजव, थांबू नकोस.'

त्याने वाजवली. हुकुमाप्रमाणे जोरात, न थांबता वाजवली. पण लोखंडी बोळात जलद वाजवलेले टोले एकात एक मिसळतात गं, नुसती एक लांब घूं उरते. आणि ज्यांच्या लेखी त्या थाळेचा एकच अर्थ झाला होता, ती माणसं त्यात तोच ऐकणार. जी पोरं डेकवर होती, म्हणजे जिथे असायला हवं तिथेच होती, ती उठली. 'सासूबाईंनी बोलावलं!' करत, हसत, ढकलाढकली करत ताटल्या घेऊन खाली धावली. तुझ्या बापाने ते पाहिलं. तो 'वर, वर' असं ओरडत, थाळ बडवत त्यांच्या मागे धावला. आणि पाठीमागून थाळ आणखी जोरात वाजतेय म्हणून पुढच्यांनी आणखी घाई केली. जेवण संपेल की काय असं वाटलं असेल त्यांना. शेवटी त्याने थाळ फेकून दिली आणि हातांनी ओढून माणसं मागे खेचायला लागला. तेवढ्यात तो जिना ओझ्याने मोडला, आणि पुढची भिंत फुटून पाणी आत आलं. पाणी अडवायचं लोखंडी दार वरून हुकूम देऊन बंद करण्यात आलं. ते बरोबरच होतं. केलं नसतं तर मावशी सगळ्यांसकट गेली असती आणि हे पत्र लिहायला मी नसतो. गलका ऐकून मीही भटारखान्यातून धावत आलो होतो; तुझा बाप आणि मी, दोघंही दाराच्या ह्या बाजूला होतो. दारापलीकडून जे ऐकू आलं ते मी तुला लिहिणार नाही. कान चांगले असणं ही नेहमीच देणगी असते असं नाही.

मावशी बुडली नाही. पुढचं तोंड पाण्यात घालून, सरपटत, कशीबशी बंदराला लागली. मग चौकशी बसली. मोठमोठे साहेब टेबलापलीकडे. त्यांनी ठरवलं की इशारा हुकुमाप्रमाणे दिला गेला, वाढप्याने जिवावर उदार होऊन कर्तव्य केलं, सैनिकांचा समज चुकीचा झाला. तुझा बाप त्यांच्यापुढे उभा राहून सारखा म्हणत होता, 'साहेब, ते माझ्या बोलावण्यावरून गेले.' साहेब म्हणाले, विनयशील माणूस आहे. ज्याला फाशी हवी होती त्याला बढती मिळाली, भिंगरी. मग खण उपसून कोरडा केला, धुतला, नवा जिना ठोकला, पुन्हा तीच टेबलं, पुन्हा नवी पोरं. आणि पुन्हा तीच थाळ, कारण ती कुणीतरी उचलून, पुसून जागेवर टांगली होती.

मी त्या बंदरात उतरलो तो पुन्हा चढलो नाही. एक किटली घेऊन गोदीतल्या हमालांना चहा विकायला लागलो. कुणाला काय हवंय ते त्याने तोंड उघडायच्या आधी ऐकू यायचं, त्यावर धंदा वाढला. आज अर्धं बंदर माझ्या खानावळीत जेवतं, जहाजांना रसदही मीच पुरवतो. माझ्याकडे घंटा नाही. लोक विचारतात तेव्हा सांगतो, इथे भूकच घंटा वाजवते. हसतात, पुढचं विचारत नाहीत. तुझ्या बापाला मी किती विनवलं, उतर, माझ्याबरोबर ये, अर्धा धंदा तुझा. भांडलो, एकदा कॉलर धरली. तो म्हणाला, 'त्यांना वाढायला कुणी ओळखीचं नको का?' मी तेव्हा घाबरलो, आणि घाबरलो म्हणून हसलो. युद्ध संपल्यावर मावशीला पुन्हा पांढरा रंग दिला, आरसे लावले. देश सोडून निघालेली कुटुंबं, नव्या नवऱ्या, व्यापारी, खाली पुन्हा कापूस आणि कातडी. पुढच्या खणात तर सफरचंदांच्या पेट्या भरायचे. तुझा बाप मुख्य वाढपी झाला आणि केस पिकेपर्यंत त्याच बोळांतून तीच थाळ वाजवत फिरला. उतारू म्हणायचे, काय हात आहे! तुझं बारसं, तुझी शाळा, तुझं लग्न, सगळं त्या हातावर झालं. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. त्याने नोकरी सोडली असती तर तुम्ही खाल्लं काय असतं, हेही खरंच आहे.

दरवेळी मावशी आमच्या बंदराला लागली की तो माझ्याकडे यायचा, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की एकच प्रश्न विचारायचा. 'त्या दिवशी तुला भटारखान्यात काय ऐकू आलं? जेवण की धोका?' साऱ्या जहाजावर माझ्याइतके तिखट कान कुणाचेच नव्हते, हे त्याला माहीत होतं. मी दरवेळी काहीतरी विनोद करून विषय उडवायचो. कांदे सोलत होतो, डोळे भरले होते, कानातही पाणी गेलं होतं, असं काहीबाही. तो हसायचा आणि उठायचा.

ह्या वेळी आला तेव्हा त्याला कुठूनतरी कळलं होतं की मावशी भंगारात विकली गेलीय आणि आमच्याच बंदराच्या टोकाला बांधून ठेवलीय. माझ्याकडे राहिला. मागच्या दाराशी उभ्यानेच जेवायचा. एका दुपारी गिऱ्हाईक ओसरलं होतं, टेबलं पुसून झाली होती, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. मी त्याचा चेहरा पाहिला. सुकून गेला होता गं. म्हटलं, आयुष्याच्या शेवटी तरी ह्या माणसाला मोकळं करावं. मी म्हणालो, 'धोका. स्पष्ट ऐकू आलं. माझे कान तुला ठाऊक आहेत. ती पोरं पोटाने ऐकत होती, त्यात तुझा काय दोष?' इतकं छान बोललो की माझं मलाच खरं वाटलं. तो म्हणाला, 'मग तू पळी का उचललीस?' थाळ बडवत भटारखान्याच्या दारावरून पळताना त्याने मला पाहिलं होतं. माझी पळी रश्शात होती आणि पहिली ताटली हातात. इतकी वर्षं उत्तर माहीत असून तो विचारत होता. मी म्हटलं, 'माहीत होतं तर विचारायचास कशाला?' तो म्हणाला, 'वाटायचं, एखाद्या वेळी तू खरं सांगशील. मग त्या टोल्यांत जेवण ऐकलेले आपण दोघं असू. मी एकटाच आहे रे.' मी पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागलो. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, 'जाऊ दे. जेवण चांगलं घालतोस.' मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. मावशीला टगबोटीने ओढत भंगारवाल्यांच्या किनाऱ्याला नेणार होते, वर राखणीला माणसं हवी होती. मी रसदवाला, माझ्या शब्दाला वजन. तो शब्द मी टाकला. मला वाटलं, निरोप घेतला तर बरं वाटेल त्याला. धुतलेला सदरा घालून गेला. मी धक्क्यावर उभा होतो, त्याने हात हलवला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्याच्याबरोबरची राखणदार माणसं परत आली, आणि आत्ता ती माझ्या स्वयंपाकघरात घोंगड्या गुंडाळून बसलीत. वाटेत वादळ झालं, ओढायचा दोर तुटला, मावशीने पाणी घ्यायला सुरुवात केली. टगबोट मोठ्या हिकमतीने जवळ आली. ही माणसं सांगतात की म्हाताऱ्यानेच हाताला धरून आम्हाला आधी खाली उतरवलं. मग ह्यांनी ओरडून सांगितलं, काका, मार उडी. तो म्हणाला, 'थांबा, पोरांना सांगून येतो,' आणि आत गेला. ह्यांना वाटलं, आत आणखी कुणी आहे. मावशी तोंडाकडून गेली, वेळ लागला नाही. दोन दिवस शोधलं, काही मिळालं नाही. कंपनीचा माणूस तुझ्याकडे येईल आणि म्हणेल, वयामुळे भ्रम झाला होता. त्याला चहा दे, पण मान हलवू नकोस. तुझा बाप पूर्ण शुद्धीवर होता. तो येण्याआधी हे माझ्याकडून तुला कळावं म्हणून लिहिलं, वाट बघू नकोस म्हणून लिहिलं. तुला धीर येईल असं काही लिहावं, असंही फार वाटलं. पण धीर द्यायला एकदा खोटं बोलून बघितलं आहे. म्हणून जे त्याला सांगायला हवं होतं तेवढंच तुला सांगतो, कारण आता दुसरं कुणी उरलेलं नाही. त्या दिवशी मला जेवणच ऐकू आलं होतं.

तुझाच,
खानावळवाला काका